एका ओबीडी पोर्टला किती डिव्हाईस लावायची? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात गाडीच्या ओबीडी पोर्टला (गाडी स्वतःचे बिघाड जिथून सांगते ते सॉकेट) स्कॅनर लावून फॉल्ट कोड कसे वाचायचे ते लिहिलं होतं. त्यावर जी पत्रं आली त्यातली बरीचशी एकाच मुद्द्यावर आहेत: पोर्ट एक आणि लावायची डिव्हाईस दोन किंवा तीन, मग काय करायचं? म्हणून यावेळचं सदर सगळं त्यालाच दिलंय.

प्रश्न: सर, माझ्या गाडीत स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला एक ट्रॅकर कायमचा लावलेला आहे, तो मला काढायचा नाहीये. नंतर मी एक हेड-अप डिस्प्ले घेतला, तो समोरच्या काचेवर स्पीड आणि आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) दाखवतो, आणि ब्लूटूथचा छोटा स्कॅनर पण आहे. पोर्ट एकच म्हणून एकाचे तीन करणारी स्प्लिटर केबल आणली. तिन्ही एकदम लावले की काचेवरचा आरपीएम मधेच गोठतो, फोनवर 'नो डेटा' येतं, आणि परवा तर चालत्या गाडीत डॅशबोर्डवर दोन-तीन लाईट लागल्या आणि थोड्या वेळाने विझल्या. एकेक वेगळं लावलं की सगळं बरोबर चालतं. केबल खराब आहे का?

उत्तर: केबल बहुतेक चांगलीच आहे, आणि तुमचं एकेक डिव्हाईस पण चांगलंच असणार, कारण एकटं लावलं की चालतंय असं तुम्हीच म्हणताय. घोडं अडतंय ते वेगळ्याच ठिकाणी. स्प्लिटर केबल तारा वाटून देते पण बोलणं वाटून देत नाही, आणि ओबीडीचं सगळं बोलणं एका वेळी एकच जण विचारणार असं धरून बसवलेलं आहे.

आधी पोर्टकडे बघू. त्यात १६ पिनांची जागा असते. १६ नंबरच्या पिनेवर बॅटरीचा प्लस कायम चालू असतो, ४ आणि ५ वर अर्थ (म्हणजे मायनस), आणि आजच्या गाड्यांत ६ आणि १४ या दोन पिनांवर कॅन बसच्या, म्हणजे गाडीतले छोटे कॉम्प्युटर (कंट्रोल युनिट) ज्यावरून एकमेकांशी बोलतात त्या लाईनच्या, दोन तारा येतात, एक हाय आणि एक लो. तुमची केबल या सगळ्या पिना जशाच्या तशा तीन ठिकाणी जोडते, म्हणजे तिन्ही डिव्हाईस एकाच तारांवर शेजारी शेजारी बसलेली असतात, मध्ये कुणी वाहतूक पोलीस नाही. आता कॅन बसला खरं तर याचं काही वाटत नाही, तिच्यावर गाडीतले कितीतरी कंट्रोल युनिट एकत्र बसलेलेच असतात. पण त्या सगळ्यांनी एक नियम पाळलेला असतो तो असा की प्रत्येक संदेशाला एक आयडी नंबर असतो आणि एक आयडी पाठवणारा एकच असतो. दोघांनी एकदम बोलायला सुरुवात केली तर ज्याचा आयडी नंबर लहान तो पुढे जातो, दुसरा गप्प बसून नंतर पुन्हा पाठवतो, काहीही मोडत नाही. फार सुंदर सोय आहे ही.

तुमची तिन्ही डिव्हाईस नेमका हाच नियम मोडतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही. ओबीडीमध्ये 'सगळ्यांना विचारतोय' या विचारणेचा आयडी ठरलेला आहे, ७डीएफ, आणि इंजिनच्या ईसीयूचं, म्हणजे इंजिनच्या कंट्रोल युनिटचं, उत्तर येतं ते ७ई८ वर. तुमचा डिस्प्ले पण ७डीएफ वर विचारतो, ब्लूटूथ स्कॅनर पण ७डीएफ वर, आणि ट्रॅकर डेटा घेणारा असेल तर तो पण. ईसीयूच्या बाजूने बघितलं तर तिघांचा आवाज एकसारखाच आहे, कोणी विचारलं हे त्याला कळायला मार्गच नाही.

एक उदाहरण घेऊ म्हणजे नीट दिसेल. डिस्प्लेने आरपीएम विचारला, म्हणजे त्याने पाठवलं '०१ ०सी'. ईसीयूने उत्तर दिलं '४१ ०सी १ए एफ८'. यातला ४१ म्हणजे ०१ च्या विचारणेला होकार, ०सी म्हणजे आरपीएम, आणि शेवटचे दोन आकडे म्हणजे किंमत, ती हेक्समध्ये म्हणजे १६ च्या पटीत मोजायच्या पद्धतीत असते: १ए म्हणजे २६, एफ८ म्हणजे २४८, २६ ला २५६ ने गुणून त्यात २४८ मिळवले की ६९०४, त्याला ४ ने भागलं की १७२६ आरपीएम. हे उत्तर तारेवर पडतं आणि तिन्ही डिव्हाईसना ऐकू जातं. त्याच क्षणी तुमच्या फोनवरच्या ॲपने कूलंटचं तापमान विचारलेलं असेल, म्हणजे '०१ ०५', तर त्याच्या कानावर आधी हे आरपीएमचं उत्तर येतं. चांगलं ॲप बघतं की मी ०५ विचारलं होतं आणि हे तर ०सी आहे, ते सोडून देतं आणि पुढच्या उत्तराची वाट बघतं. साधंसुधं ॲप किंवा डोंगल (पोर्टला लावायचा असा छोटा स्कॅनर) पहिलं आलेलं उत्तर आपलंच समजतं, ते जुळत नाही म्हणून फेकतं आणि 'नो डेटा' दाखवून मोकळं होतं. तुम्हाला दिसतंय ते हेच. आकडा गोठतो तो पण यामुळेच, डिस्प्लेला दोन-चार वेळा स्वतःचं उत्तर सापडलं नाही की तो शेवटचा आकडा तसाच धरून बसतो, आणि बघणाऱ्याला वाटतं की गाडी अजून १७२६ वरच आहे.

हे झालं एकामागोमाग विचारल्यावर. दोघांनी अगदी एकाच क्षणी विचारलं तर आणखी वाईट. आयडी दोघांचा सारखाच, त्यामुळे मागे कोण हटणार हे ठरतच नाही, दोघंही जिंकल्यासारखे पुढे जातात आणि मग आतल्या मजकुरात एकाचा बिट १ आणि दुसऱ्याचा ० येतो. कॅनमध्ये ० चं राज्य चालतं, त्यामुळे १ पाठवणाऱ्याला तारेवर ० दिसतो, तो म्हणतो की चूक झाली, आणि मुद्दाम एरर पाठवून तो पूर्ण संदेशच पाडून टाकतो. मग दोघंही पुन्हा पाठवायला जातात आणि पुन्हा एकाच क्षणी. प्रत्येक कॅन चिपमध्ये चुका मोजणारा काउंटर असतो, पाठवताना चूक झाली की तो ८ ने चढतो आणि नीट गेलेल्या संदेशाला फक्त १ ने उतरतो, २५५ च्या वर गेला की ती चिप स्वतःला बसवरून काढून घेते. मग तुमचा डोंगल 'मेल्यासारखा' होतो आणि काढून परत लावल्याशिवाय उठत नाही. बऱ्याच जणांनी पत्रात हे लिहिलंय की काढून लावलं की चालतं, त्यामागे बऱ्याचदा हीच गोम असते.

आणि लांब उत्तरांची तर वेगळीच गंमत होते. कॅनच्या एका संदेशात ८ बाइट मावतात. गाडीचा व्हिन नंबर, म्हणजे तिचा ओळख नंबर, १७ अक्षरांचा, त्यात पुढचे ३ बाइट ओळखीचे, एकूण २०, म्हणून तो तीन तुकड्यांत येतो, पहिल्यात ६ बाइट आणि मग ७-७ (उरलेली जागा तुकड्यांच्या हिशोबाला जाते). पहिला तुकडा पाठवून ईसीयू थांबतो, विचारणाऱ्याने 'हां, पुढे पाठव' असा फ्लो कंट्रोलचा संदेश दिला की उरलेले दोन पाठवतो. आता या मधल्या वेळात दुसऱ्या डिव्हाईसने आपला प्रश्न घुसवला तर काही ईसीयू त्याच्याकडे साफ दुर्लक्ष करतात आणि काही आधीचं उत्तर अर्धवट टाकून देतात. शिवाय काही डोंगल इतके उत्साही असतात की दुसऱ्यासाठी आलेल्या पहिल्या तुकड्याला पण हेच 'पुढे पाठव' म्हणतात. स्कॅनर लावल्यावर फॉल्ट कोडची यादी अर्धीच आली किंवा व्हिन नंबरची शेपटी गायब झाली असं ज्यांना दिसतं त्यांनी आधी बाकीची डिव्हाईस काढून बघावं, ईसीयूवर संशय घेण्याआधी.

आता तुमच्या डॅशबोर्डवर लागलेल्या लाईटबद्दल, कारण ते मला सगळ्यात जास्त टोचतंय. काही स्वस्तातले डोंगल जागे झाल्यावर गाडी कुठल्या वेगाने बोलते ते शोधत बसतात. ओबीडीसाठी कॅनचे दोन वेग चालतात, सेकंदाला ५०० किलोबिट किंवा २५० किलोबिट. शहाणा डोंगल आधी गुपचूप ऐकतो, तोंड उघडत नाही. आगाऊ डोंगल चुकीच्या वेगाने बसवर चढतो, त्याला बाकीच्यांचं चांगलं बोलणं पण चुकीचं वाटतं आणि तो ते पाडायला लागतो. पोर्ट जर सरळ इंजिन आणि ब्रेकच्या बसवर असेल तर तेवढ्या क्षणात गाडीतल्या युनिटना एकमेकांचे संदेश मिळत नाहीत आणि ते लाईट लावतात. मी स्वतःच्या गाडीत हे बघितलंय, दोन डिव्हाईस स्प्लिटरवर होती, त्यातल्या एकाचा वीजपुरवठा सैल पिनेमुळे तुटत-जुळत होता, प्रत्येक खड्ड्याला तो नव्याने जागा व्हायचा आणि प्रत्येक वेळी एबीएसची लाईट लागायची. मी ब्रेकचा सेन्सर बदलायला निघालो होतो! स्प्लिटर काढला आणि त्यानंतर ती लाईट पुन्हा कधी लागली नाही. नव्या गाड्यांत पोर्ट आणि आतली बस यांच्यामध्ये गेटवे असतो, तो असा गोंधळ आत जाऊ देत नाही, पण तुमच्या गाडीत लाईट लागल्या म्हणजे तुम्ही त्यावर विसंबू नका. तिन्ही एकत्र लावून गाडी चालवणं आजपासून बंद करा, हे मी अगदी मनापासून सांगतोय.

मग करायचं काय. विचारणारा एकच ठेवायचा, बाकीच्यांची दुसरी सोय लावायची. ट्रॅकरपासून सुरू करा. त्याला पोर्टमधून डेटा लागतो का फक्त वीज? नुसती जागा सांगणाऱ्या ट्रॅकरला जीपीएस स्वतःचं असतं, पोर्टकडून त्याला हवे असतात फक्त १२ व्होल्ट आणि अर्थ. तसा असेल तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडून त्याला फ्यूज बॉक्समधून वेगळा सप्लाय काढून घ्या, मध्ये स्वतंत्र छोटा फ्यूज टाकून, आणि तो पोर्टवरून कायमचा उठवा. ट्रॅकर दुसऱ्या कोणाच्या मालकीचा असेल, म्हणजे विमा किंवा नोकरीच्या गाडीचा, तर त्यांना विचारूनच हात लावा. डिस्प्लेचं म्हणाल तर बऱ्याच मॉडेलमध्ये जीपीएसवर चालायची सेटिंग असते, त्यात स्पीड दिसतो, आरपीएम नाही. आरपीएम हवाच असेल तर रोज डिस्प्ले लावून ठेवा आणि ब्लूटूथ स्कॅनर फक्त काही तपासायचं असेल तेव्हा, डिस्प्ले काढून. स्कॅनर रोज उठून लागायची वस्तू नाहीच.

प्रत्येक फाट्याला बटण असलेला स्प्लिटर मिळतो, तो चालेल, पण एक गोष्ट नक्की तपासून घ्या. काही बटणं फक्त १६ नंबरची वीज तोडतात आणि ६ व १४ च्या तारा तशाच जोडलेल्या राहतात. चांगल्या चिपचं डिव्हाईस वीज गेली की बसवरून अंग काढून घेतं, साध्या चिपचं घेत नाही, ते बंद असून पण तारेला लोंबकळत राहतं. गाडीला न लावता केबल हातात घ्या, मल्टिमीटर बीपवर ठेवा, बटण बंद करा, गाडीत जाणाऱ्या टोकाची ६ नंबरची पिन आणि त्या बटणाच्या फाट्याची ६ नंबरची पिन धरा. बीप आला तर ते बटण तुमच्या कामाचं नाही.

प्रश्न: मी वाचलं की कॅन बसला १२० ओहमचा रेझिस्टर लागतो. माझ्या स्प्लिटरमध्ये तो नाहीये म्हणून प्रॉब्लेम येतोय का? सोल्डर करून टाकू का प्रत्येक फाट्याला?

उत्तर: नका टाकू, कृपा करून नका टाकू. १२० ओहमचे रेझिस्टर बसच्या दोन टोकांना असतात आणि ते गाडीत आधीच बसवलेले आहेत. दोन १२० समांतर म्हणजे ६० ओहम. तुम्ही तिसरा टाकलात की होतात ४०, चौथा टाकलात की ३०, आणि मग ० आणि १ मधला व्होल्टेजचा फरक इतका घटतो की बस अडखळायला लागते. बाहेरून लावायच्या टेस्टरमध्ये हा रेझिस्टर नसावाच लागतो.

पण तुमच्या प्रश्नातून एक चांगली तपासणी निघते ती सांगतो. इग्निशन बंद करा, गाडी पूर्ण झोपू द्या, शक्य असेल तर बॅटरीची मायनस तार काढा, आणि पोर्टच्या ६ आणि १४ मध्ये ओहम मोजा. पोर्ट सरळ बसवर असेल तर ६० च्या आसपास आकडा यायला हवा. मग स्प्लिटर लावून मोजा, मग एकेक डिव्हाईस लावत मोजत जा. ज्या डिव्हाईसला आकडा एकदम ४० वर आला त्याच्या पोटात कोणीतरी रेझिस्टर टाकून ठेवलाय, ते गाडीला लावू नका. गेटवेच्या गाडीत सुरुवातीचा आकडाच वेगळा असू शकतो, तेव्हा आकड्यापेक्षा तो डिव्हाईस लावल्यावर बदलतो का तेवढं बघा. वीज चालू असताना ओहम मोजू नका, आकडा खोटा येतो.

प्रश्न: दोन आठवडे गाडी उभी होती, आल्यावर सेल्फच घेईना. बॅटरी एक वर्षाची आहे. पोर्टला स्प्लिटरवर दोन डोंगल होते, पण एवढ्याशा डोंगलने बॅटरी उतरते का?

उत्तर: उतरते. आधी सांगितलं तसं १६ नंबरची पिन गाडी बंद केल्यावर पण चालू असते, चावी काढली तरी. हिशोब करून बघा. समजा एक डोंगल ४० मिलीअँपियर खातोय, दोन म्हणजे ८०. दिवसाचे २४ तास गुणिले १४ दिवस म्हणजे ३३६ तास, त्याला ०.०८ ने गुणलं की जवळजवळ २७ अँपियर-तास. बॅटरी ४५ ची असेल तर निम्म्याहून जास्त गेली, आणि गाडीचं स्वतःचं घड्याळ, अलार्म, लॉक यांचं खाणं अजून यात धरलेलंच नाही.

याहून मोठा खड्डा वेगळा आहे आणि तो फार कमी लोकांना माहीत असतो. गाडी बंद केल्यावर तिचे कंट्रोल युनिट काही मिनिटांनी झोपतात, त्यानंतर गाडीचं एकूण खाणं साधारण ५० मिलीअँपियरच्या आत येतं. पण पोर्टवर बसलेला डोंगल जर दर थोड्या वेळाने 'आरपीएम किती, आरपीएम किती' विचारत राहिला तर काही गाड्यांत ते युनिट झोपतच नाहीत, किंवा झोपले की पुन्हा जागे होतात, अंगाई म्हणता म्हणता कोणी दार वाजवावं तसं. मग खाणं डोंगलचं राहत नाही, अख्ख्या गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्सचं होतं, आणि बॅटरी एका-दोन रात्रीत पण खाली येऊ शकते. दोन डोंगल असले की एक झोपला तरी दुसऱ्याच्या बोलण्याने तो परत उठतो, असं पण होतं.

तपासायचं असेल तर इलेक्ट्रिशियनकडून बॅटरीच्या मायनसला सिरीजमध्ये मीटर लावून घ्या, गाडी लॉक करून अर्धा तास थांबा, आकडा बघा, मग डोंगल काढून पुन्हा तेवढंच थांबा आणि परत बघा. मीटर सिरीजमध्ये असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज जातो. आणि गाडी दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त उभी राहणार असेल तर पोर्ट मोकळा करून ठेवायची सवयच लावा.

प्रश्न: डोंगल एकच आहे पण मला आणि बायकोला दोघांच्या फोनवर एकदम बघायचंय. होईल का?

उत्तर: साध्या ब्लूटूथ डोंगलवर नाही, तो एका वेळी एकाच फोनशी जोडलेला राहतो, आणि वायफायवाले पण बहुतेक एकालाच धरतात. एकाच फोनवर दोन ॲप चालू ठेवली तरी तेच होतं, पहिलं ॲप मागे उघडं राहिलं की दुसरं 'कनेक्ट होत नाही' म्हणून रडतं. पहिलं पूर्ण बंद करा, नुसतं बाजूला सारून भागत नाही. दोघांना बघायचंच असेल तर एका फोनची स्क्रीन दुसऱ्याला दाखवायची सोय वापरा, ईसीयूपर्यंत प्रश्न एकाचाच जाऊ दे. आणि जो चालवतोय त्याने फोन बघू नये, हे दोघांनाही लागू.

प्रश्न: माझी गाडी जुनी आहे, स्कॅनर जोडायलाच खूप वेळ घेतो. तीत दोन डिव्हाईस लावली तर एकही जोडत नाही. नव्या गाडीत निदान थोडं तरी चालतं म्हणतात.

उत्तर: हो, कारण तुमच्या गाडीत बहुतेक कॅन नसणार, के-लाईन असणार. ओबीडी-२ अमेरिकेत १९९६ पासूनच्या गाड्यांना सक्तीचं झालं, पण तेव्हा बोलायच्या भाषा चार-पाच होत्या आणि सगळ्यांना कॅनच हवा हा नियम तिकडे २००८ च्या मॉडेलपासून लागला. मधल्या काळातल्या बऱ्याच गाड्यांत ७ नंबरच्या पिनेवर एकच तार असते, ती के-लाईन. टॉर्च घेऊन पोर्टमध्ये बघा, रुंद बाजू वर धरली तर वरच्या रांगेत डावीकडून १ ते ८, खालच्या रांगेत ९ ते १६. ७ मध्ये धातू दिसतोय आणि ६ व १४ रिकाम्या आहेत, तर झालं उत्तर.

बऱ्याच के-लाईनच्या गाड्यांत ईसीयूला उठवायची पद्धतच धीमी आहे, एक पत्ता सेकंदाला ५ बिट या गतीने पाठवायचा, सुरुवातीचा आणि शेवटचा धरून १० बिट, म्हणजे नुसती हाक मारायलाच २ सेकंद. त्यानंतर बोलणं १०४०० च्या वेगाने सुरू होतं, आणि मध्ये ५ सेकंद कोणी काही विचारलं नाही तर ईसीयू फोन ठेवून देतो, परत पहिल्यापासून हाक. आता दोन डिव्हाईस लावली की पहिलं बोलत असताना दुसरं आपली २ सेकंदाची हाक मारायला लागतं, त्या वेळात तार मधेमधे खाली धरून ठेवतं, पहिल्याचं बोलणं मोडतं, मग ते पुन्हा हाक मारतं, त्यात दुसऱ्याचं मोडतं. कॅनसारखा मागे हटायचा नियम इथे नाहीच. वर प्रत्येक टेस्टरमध्ये ती तार १२ व्होल्टकडे ओढणारा ५१० ओहमचा रेझिस्टर असतो, दोन झाले की २५५, आणि ईसीयूला तार खाली ओढायला दुप्पट जोर लावावा लागतो. तुमच्या गाडीत दोन डिव्हाईसचा नादच सोडा, एक लावा, आणि ॲपच्या सेटिंगमध्ये प्रोटोकॉल (बोलायची भाषा) 'ऑटो' न ठेवता एकदा जो सापडला तोच कायम करून टाका. जोडायला लागणारा वेळ लगेच कमी होईल.

प्रश्न: गॅरेजमध्ये ईसीयूचं सॉफ्टवेअर अपडेट करायचं होतं तर मेकॅनिकने माझा डोंगल आणि स्प्लिटर दोन्ही काढून हातात दिलं, आणि म्हणाला घरी गेल्याशिवाय लावू नका. एवढं काय त्यात?

उत्तर: त्याचं शंभर टक्के बरोबर आहे आणि असा मेकॅनिक सोडू नका. अपडेट चालू असताना ईसीयूची जुनी मेमरी पुसून नवी लिहिली जात असते, मध्ये बाहेरचा प्रश्न घुसला किंवा बस अडखळली आणि लिहिणं तुटलं तर ईसीयू अर्धवट लिहिलेल्या अवस्थेत अडकतो, मग गाडी चालूच होत नाही आणि तो ईसीयू काढून टेबलावर दुरुस्त करायची वेळ येते. म्हणूनच ते लोक बॅटरीला सपोर्टचा चार्जर लावतात आणि सगळे दिवे, एसी बंद करतात.

तसंच कोड उडवताना. एका ॲपवर कोड उडवले आणि दुसरं डिव्हाईस चालू असलं तर आधी वाचलेली यादी त्याच्या स्क्रीनवर तशीच राहू शकते आणि तुम्ही पुन्हा पुन्हा उडवत बसता. कोड उडवल्यावर गाडीच्या स्वतःच्या प्रदूषण तपासण्या पण शून्यापासून सुरू होतात, त्यांना पूर्ण व्हायला काही दिवसांचं चालवणं लागतं, म्हणून ते बटण गरजेपुरतंच दाबा. आणि स्प्लिटर काढल्यानंतर 'यू' ने सुरू होणारे कोड सापडले, उदाहरणार्थ यू०१००, म्हणजे इंजिनच्या युनिटशी संपर्क तुटला होता, तर घाबरून ईसीयू बदलू नका. ते लिहून ठेवा, एकदा उडवा, मोकळ्या पोर्टने आठवडाभर चालवा. परत आले तर मग वायरिंग बघायची.

प्रश्न: बाबा गाडी चालवतात आणि स्प्लिटरची केबल त्यांच्या पायाजवळ लोंबते. त्यांना ते कळत पण नाही. काही उपाय?

उत्तर: हा प्रश्न खरं तर पहिला घ्यायला हवा होता. आजच काढा ती केबल. वरच्या उत्तरांत सांगितलेला सगळा गोंधळ फार तर एखादा दिवस खाईल, पण ब्रेकच्या पेडलखाली अडकलेला डोंगल त्या गोंधळाच्या किती तरी पुढची गोष्ट आहे. पोर्ट स्टिअरिंगच्या जवळच, दोन फुटांच्या आत असतो, म्हणजे गुडघ्याच्या अगदी समोर, आणि सरळ बाहेर आलेला लांब डोंगल गुडघ्याचा एक धक्का बसला की पोर्टची लॉक मोडतो किंवा पिना वाकवतो. एक्स्टेंशन लावायचंच असेल तर काटकोनात वळलेल्या डोक्याचं, चपट्या पट्टीचं, जितकं आखूड मिळेल तितकं घ्या, आणि डॅशबोर्डच्या आतल्या बाजूने केबल टायने दोन ठिकाणी आवळून टाका. मग सीटवर बसा, बाबांचा सीट जिथे असतो तिथेच ठेवून, क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर तिन्ही शेवटपर्यंत दाबा, पाय डावी-उजवीकडे फिरवा, आणि कुठेही काही लागत नाही ना ते हाताने चाचपून बघा. लागलं तर ते डिव्हाईस तिथे नको, मग ते कितीही कामाचं असो.

पुढच्या अंकात चेक इंजिन लाईट लागल्यावर आधी काय बघायचं यावर प्रश्न घेणार आहोत. पत्रात गाडीचं वर्ष, लाईट कधी लागली आणि पोर्टला काय काय लावलेलं होतं ते नक्की लिहा.